पालथी टाकी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. तान्ह्या बाळाच्या खोलीतली गोष्ट आहे, आणि तान्ह्याच्या खोलीत सगळेच हळू बोलतात. पूर्वरंग लांबवत नाही. एक गृहस्थ, एक यंत्र, आणि त्या घरातून वर्षापूर्वी निघून गेलेली एक बाई, एवढाच पसारा आहे. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. ते शेवटी.

गृहस्थ आमच्या शेजारचे. सगळे त्यांना धुकेनाना म्हणत. कापडगिरणीत त्यांचं कामच ते होतं, धुकं करायचं. मागावर ताणलेला सुती धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, म्हणून छताजवळच्या नळ्यांतून बारीक तुषार सोडत. त्या तुषारांची टाकी, पंप आणि दमटपणा दाखवणारा काटा, हे तिन्ही नानांच्या ताब्यात. एकतीस वर्षं. गिरणीचे दोन कडक नियम होते. टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही, वरून भर घालत राहायचं. आणि टाकीला धुकेवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

त्यांची बायको प्रसूतिगृहाच्या दूधघरात होती. आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांच्या बाटल्या धुवायच्या, उकळायच्या, आणि पांढऱ्या फडक्यावर पालथ्या घालून वाळवायच्या. तिला बाटलीमावशी म्हणत. ते पालथं घालणं तिच्या हाडात भिनलं होतं. घरातला पेला, तांब्या, पातेलं, काहीही ओलं उभं दिसलं की ते ओतून, धुऊन, पालथं. खाली फडकं, चार पदरी, आणि त्याचा एक कोपरा आत दुमडलेला. नाना घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवत, दुसऱ्या घोटासाठी हात पुढे करत, तोवर पेला पालथा झालेला असे.

"अगं, मी अजून पीत होतो."

"मग दुसरं घ्या. ओलं भांडं उभं असलं की मला झोप लागत नाही."

"दुपारचे बारा वाजलेत."

"रात्रीचं सांगतेय."

नाना आम्हाला सांगत, "मी एका जागी तासभर बसलो तर मलाही पालथा घालेल ही."

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. गिरणी रविवारी बंद असे. सोमवारी धुकं सुरू झालं की संध्याकाळपर्यंत निम्म्या खात्याला खोकला आणि हुडहुडी भरायची, आणि मंगळवारी माणसं पुन्हा ठणठणीत. याला सगळे सोमवारचा ताप म्हणत आणि हसत. रविवारची उतरली नाही, असं मुकादम म्हणे. मावशी मात्र हसत नसे.

"अहो, रविवारभर तुमच्या टाकीत पाणी उभं असतं. ते नासतं. सोमवारी तुम्ही तेच माणसांच्या छातीत फवारता."

"तू बाटल्यांचं बघ. धुक्याचं मी बघतो."

तो विषय तिथेच मिटे.

मागच्या थंडीत मावशी गेली. मागच्या खोलीत, बंद खिडक्यांआड, हीटरच्या कोरड्या उबेत. कोरडा खोकला होता. सारखी म्हणायची, ओठांना पाणी लावा. पुढे महिनाभर नाना आमच्याजवळ येऊन बसत आणि एकच वाक्य बोलत. "एकतीस वर्षं कापडाला धुकं दिलं मी. हिच्या छातीला दिलं नाही."

आपल्या हाती एवढंच, देवाचं नाव घ्यायचं आणि पाठीवर हात ठेवायचा.

पुढच्या थंडीआधी त्या घरात बाळ आलं. चार आठवडे लवकर आलेलं, मुठीएवढं. मुलगा मालट्रकवर असे, आठवड्यात चार दिवस बाहेर. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायला. तिला तीन महिन्यांनी कामावर परतावं लागलं, आणि दिवसा बाळ नानांच्या हवाली झालं. बाळाची खोली म्हणून मागचीच मिळाली, कारण तीच घरात ऊबदार होती. मावशीची तसबीर भिंतीवर राहू दिली.

थंडी पडली, हीटर लागला, बाळाचं नाक चोंदलं. दूध ओढताना दम लागे, की तोंड सोडून रडे. डॉक्टरबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. खोलीतली हवा कोरडी आहे. थोडा ओलावा द्या. थोडाच."

नानांनी त्यातलं 'ओलावा द्या' एवढंच ऐकलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रंग आला. सुनेला घेऊन ते थेट दुकानात गेले.

दुकानदाराने दोन ह्युमिडिफायर पुढे ठेवले. "काका, हा पाणी उकळून वाफ सोडतो. उद्या बाळ रांगायला लागलं, वायर ओढली, तर भाजेल. हा दुसरा गार धुकं सोडतो. खाली तबकडी थरथरते आणि पाण्याचे कण उडवते. भाजायची भीती नाही, पण पाण्यात जे असेल ते सगळं हवेत जातं. म्हणून नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड आणा. रोज ओतून टाकायचं, धुवायचं, कोरडं करायचं. पाळण्यापासून चार-पाच फूट लांब. आणि हा दमटपणाचा काटा पन्नासच्या वर जाऊ द्यायचा नाही."

"तुझं वय काय?" नानांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"तुझ्या जन्माआधीपासून मी धुकं करतोय. तो मोठा काढ, वरचा."

"काका, तो हॉलसाठी आहे. बाळाच्या खोलीला हा छोटा पुरतो."

"वरचा काढ."

सूनबाई हसू दाबत म्हणाली, "नाना, निदान माहितीचा कागद तरी वाचा." नानांनी कागद जपून घरी आणला, चार घड्या घातल्या, आणि यंत्र डुगडुगत होतं म्हणून त्याच्या एका पायाखाली सरकवला.

पहिले आठ दिवस बाळाचं नाक मोकळं झालं. दूध पोटभर जाऊ लागलं. नाना खोलीच्या दारात उभे राहून धुक्याकडे बघत, जसं कुणी समईकडे बघावं. टाकी त्यांनी एकदाही रिकामी होऊ दिली नाही. उतरली की वरून नळाचं पाणी. सुनेने झाकणाला हात लावला तर म्हणाले, "ते माझं काम." काटा पन्नासवर होता तो साठवर नेला. धागा तुटू नये एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

नवव्या-दहाव्या दिवशी सुनेने आरशावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"नाना, हे पिठासारखं काय बसलंय?"

"धूळ."

"धूळ राखाडी असते. हा पाण्यातला क्षार आहे. काचा न पुसता वाळवल्या की दुकानात असाच थर बसतो. कपाटावर आहे, पाळण्याच्या कठड्यावर आहे. बाळही हेच ओढतंय की आत."

"गिरणीतून मी रोज पांढरा होऊन घरी येत होतो. मेलो का?"

तिने बोट ओढणीला पुसलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. सगळ्या खोलीवर पांढरा थर होता. मावशीच्या तसबिरीची काच तेवढी लख्ख होती.

"ही तुम्ही पुसलीत?"

"नाही. मला वाटलं, तू पुसतेस."

पुढच्या सोमवारी पहिल्यांदा ते घडलं. सूनबाई अकराला कामावर गेली. मुलगा बाहेरगावी. एक वाजता बाळ झोपलं. नाना बाहेरच्या खोलीत बसले, तिथून बाळाच्या खोलीचं दार समोर दिसतं. तीनला बाळ कुरकुरलं म्हणून आत गेले, तर धुकं नव्हतं. यंत्र बंद. टाकी काढलेली. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरं फडकं, आणि त्यावर टाकी पालथी.

नाना मटकन पलंगावर बसले. फडकं चार पदरी होतं. एक कोपरा आत दुमडलेला.

संध्याकाळी सून दारातून आत येते न येते तोच त्यांनी विचारलं, "पेटीतलं फडकं कुणी काढलं?"

"कुठली पेटी?"

"सासूची. माळ्यावरची."

"नाना, त्या माळ्यावर माझा हात पोचत नाही. आणि मी अकरापासून दुकानात आहे. विचारा हवं तर मालकांना." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज मऊ केला. "तुम्हीच काढलं असेल. डुलकी लागली असेल, लक्षात राहिलं नसेल."

"मला वेड लागलंय म्हणतेस."

"वय झालंय म्हणतेय."

"ते त्याहून वाईट," नाना म्हणाले, आणि टाकी न धुता पुन्हा भरून आले.

त्या आठवड्यात बाळाला खोकला सुरू झाला. बारीक, मांजराच्या पिलासारखा. नानांच्या मते हवा अजून कोरडी होती. काटा सत्तरवर गेला. खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ येऊ लागले, भिंतीचा खिडकीखालचा कोपरा काळसर पडला.

दुसरा सोमवार. नाना स्वयंपाकघरात बाळाची बाटली धूत होते. मागच्या खोलीतून यंत्राची घरघर येत होती. ती थांबली. टाकी उचलताना होतो तसा गुळुक आवाज आला. नाना ओल्या हातांनी धावले. दार त्यांच्या नजरेसमोर होतं, त्यातून कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही.

टाकी कट्ट्यावर पालथी होती. दोन लिटर पाणी होतं तिच्यात. जमीन कोरडी, मोरी कोरडी, खिडकी आतून बंद. पाणी गेलं कुठे? आणि खोलीत वास होता. उकळत्या बाटल्यांचा आणि तापलेल्या रबरी बुचांचा. मावशी कामावरून यायची तेव्हा तिच्या पदराला यायचा, तो.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. ते कट्ट्याकडे बघत होतं. मग त्याची मान हळूहळू वळली, कट्ट्यापासून कपाटापर्यंत, कपाटापासून पाळण्याच्या पायथ्यापर्यंत. चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. मग ते वर बघून हसलं. नाना अजून दारातच होते.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

"ती रागावलीय," म्हणाले. "मला नाही दिलंत, आता नातवाला कसं सुचलं, असं म्हणतेय."

मी म्हटलं, "नाना, मावशी कुणावर रागावून बाळाच्या वाटेला जाईल का?"

"मग काय म्हणतेय ती?"

मी म्हटलं, नामस्मरण करा, कीर्तनाला चला, मन थाऱ्यावर येईल. माणूस बुडत असताना त्याला अभंग ऐकवावा, तसं ते झालं. घरी जाऊन त्यांनी तसबिरीपुढे हात जोडले, चुकलं म्हणाले, आणि प्रायश्चित्त म्हणून काटा ऐंशीवर नेला. ऐंशी म्हणजे मागाच्या खात्याचा काटा. यंत्रही उचलून पाळण्याला टेकवून ठेवलं.

बाळाचा खोकला आता छातीतून येत होता. रविवारी अंग कोमट लागलं. सुनेने मंगळवार सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली.

"उद्या संध्याकाळी मी हे यंत्र घराबाहेर काढणार आहे, नाना," ती म्हणाली. "तुम्ही रुसलात तरी काढणार."

"आणि श्वास अडकला म्हणजे?"

"तो आत्ता अडकतोयच."

तिसरा सोमवार. या खेपेला नाना आतच बसले. दाराला खुर्ची लावून, पाठ दाराला टेकून. दुपारचे दोन. बाहेर ढगाळ, आत त्यांचं धुकं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ते साचून राहिलं होतं, पाळण्याचे पाय दिसत नव्हते. अंथरूण दमट, भिंती ओल्या. पाळण्यातून बाळाच्या श्वासाची बारीक शीळ येत होती. नाना ती मोजत बसले होते.

घरघर थांबली.

नानांनी मला पुढे जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो. त्यांना कुणी दिसलं नाही. पण धुकं दुभंगलं. यंत्रापासून कट्ट्यापर्यंत त्यात एक वाट पडली, एका माणसाच्या रुंदीची, आणि त्या वाटेवर पांढऱ्या थरात ओल्या पावलांचे ठसे एकेक करत उमटत गेले. डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. मावशीचं वळायचं. बाटल्यांच्या जड टोपल्या एकाच कडेवर घेऊन झालेली खोड ती.

टाकी कट्ट्यावर होती. पण आज ती पालथी नव्हती. आडवी होती, झाकण काढलेलं, तोंड नानांकडे.

नाना उठले. टाकीच्या तोंडाशी वाकले आणि आत पाहिलं. तळाला आणि कडांना गुलाबीसर बुळबुळीत थर. बोट लावलं तर तार आली. आणि वास. हा दूधघराचा नव्हता. हा ते ओळखत होते. सोमवारी सकाळी गिरणीच्या टाकीचं झाकण उघडल्यावर जो भपकारा येई, तोच.

आणि सोमवार होता. तिन्ही वेळा सोमवारच होता.

"रविवारभर पाणी उभं असतं," कुणी न बोलता त्यांना ऐकू आलं. "सोमवारी तुम्ही तेच माणसांच्या छातीत फवारता."

तेव्हा त्यांना उमगलं, की ती तीन आठवडे रुसत नव्हती. तीस वर्षांपूर्वी सांगून झालेलंच पुन्हा सांगत होती, हातांनी, कारण बोलायला तोंड उरलं नव्हतं. आणि ते दर खेपेला टाकी सुलटी करून भरत होते.

पाळण्यातली शीळ मधेच थांबली. मग एक लांब, ओढून घेतलेला श्वास. नानांनी खुर्ची ढकलून दार उघडलं, यंत्राची वायर ओढून काढली, बाळाला कोरड्या चादरीत गुंडाळलं आणि चपला न घालता जिना उतरले. तळमजल्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "नाना, कुठे?" ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांबता येत नाही, तिथे."

बाळाला दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. प्राणवायूची नळी लावली, औषध दिलं. सूनबाई दुकानातून तशीच धावत आली, हाताला काच घासायची पूड लागलेली. नाना बाकावर बसले होते. तिला बघून उभे राहिले.

"मी केलं," ते म्हणाले. "टाकी धुतली नाही मी. एकदाही नाही."

तिला बोलायचं पुष्कळ होतं. तिने त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि आधी स्वतःची ओढणी त्यांच्या पायांवर टाकली. बोलणं नंतर झालं, आणि कमी नाही झालं. ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, धुकं वाईट नव्हतं. त्यातलं पाणी वाईट होतं, आणि धुकं फार होतं. आज आणलंत, लवकर बरं होईल. आठवडा गेला असता तर मला असं सांगता आलं नसतं."

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं. जुनं यंत्र कचऱ्यात गेलं. भिंतीचा काळा कोपरा घासून, वाळवून, रंगवून घेतला. नानांनी यंत्राच्या पायाखालचा कागद सोडवला. घड्यांवर तपकिरी वर्तुळं पडली होती. तो त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि दुकानात जाऊन त्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाकडून छोटा ह्युमिडिफायर आणला. मुलगा एवढंच म्हणाला, "काका, कागद आत आहे."

आता त्या खोलीत काटा पंचेचाळीसवर असतो. यंत्र पाळण्यापासून पाच फुटांवर, तोंड भिंतीकडे नाही आणि बाळाकडेही नाही. पाणी डिस्टिल्ड. रोज सकाळी नाना उरलेलं पाणी ओततात, टाकी आणि खालचं बूड धुतात, आठवड्यातून एकदा व्हिनेगर घालून घासतात आणि वास जाईपर्यंत खळखळून विसळतात. काचेवर ओघळ दिसले की यंत्र बंद आणि खिडकी किलकिली. बाळाचा खोकला गेला तो पुन्हा आला नाही.

पाणी आपोआप ओतलं जाणंही थांबलं. नाना म्हणत, आता ते माझं काम आहे.

फक्त एकदा, थंडी संपता संपता, एका सोमवारी सकाळी, नाना धुतलेली टाकी हातात घेऊन खोलीत आले. फडकं आणायला माळ्याकडे वळणार, तर ते कट्ट्यावर आधीच अंथरलेलं होतं. चार पदरी. कोपरा आत दुमडलेला, हात फिरवून सारखा केलेला. बाळ पाळण्यात पालथं पडून, मान वर करून, कट्ट्याकडे बघत होतं.

नानांनी टाकी फडक्यावर पालथी घातली. हात तिथेच ठेवला.

"घातली गं," ते म्हणाले. "झोप आता."

खोलीत उकळत्या बाटल्यांचा वास क्षणभर दाटला, आणि मग नुसती हवा उरली. त्यानंतर तो वास कधी आला नाही. तसबिरीच्या काचेवरही आता सगळ्या घरासारखी साधी धूळ बसते, आणि नाना ती पुसतात.

झालं. आता माझं मागणं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तान्हं असेल, यंत्र असेल, नसेल. पण रोज एखादं ओलं भांडं तुमच्या हाती येतंच. ते ओता, धुवा, फडक्यावर पालथं घाला, आणि हात काढून घेण्याआधी एक श्वासभर त्या बाटलीमावशीची आठवण काढा. तिला झोप लागू दे.